पळतंय कोण?

"पळतंय कोण?"

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या पेंडुरकरांचा आवाज हेडफोनमध्ये आला आणि मी काठ्या मांडीवर ठेवल्या. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याच गाण्याची ही सहावी खेप, आणि सहाही वेळा त्यांची तक्रार त्याच एका जागेची होती.

"दोघंही पुढे जाताय," ते म्हणाले. "एका जिवाने जाताय, त्याचं कौतुक आहे. पण क्लिक मागे राहतोय. कोण कोणाला ओढतंय ते मला इथून कळत नाही. तुम्हीच सांगा."

क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये एकसारखी वाजणारी टकटक. ती मशीनची असते, आणि वाजवणाऱ्याने तिला धरून वाजवायचं, म्हणजे मागाहून बाकीची वाद्यं त्यावर चढवता येतात. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलात आठ वर्षं घाम गाळलेल्या आम्हा लोकांनी हा प्रकार जन्मात पाहिला नव्हता. पळणं मात्र आम्हाला चांगलं ठाऊक होतं. ठेक्याच्या पुढे जाणं म्हणजे पळणं. वाजवणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही.

काचेच्या अलीकडे आम्ही दोघंच होतो. मी ड्रमवर, आणि माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर नथू, म्हणजे नथानिएल उमाप, आमचा बेस गिटारवाला. बेसला चार जाड तारा असतात आणि तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. लोक गाणाऱ्याकडे बघतात, ड्रमवाल्याला टाळ्या देतात, बेसवाल्याचं नावही कुणी विचारत नाही. नथूला त्याचं काही वाटायचं नाही. नवीन तारा भुसावळात मिळत नसत, म्हणून दर महिन्याला तो जुन्या तारा काढून आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळायचा. तारांमधला मळ निघतो आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. आई पातेल्यासाठी ओरडायची, आणि हा फडक्याने एकेक तार पुसत म्हणायचा, "ऐक ना आई, कशी बोलते बघ आता."

बेस वाजवूनच जगायचं असं ठरवलेला भुसावळातला तो एकटा माणूस. वीजकेंद्रातून नोकरीचं पत्र आलं होतं. 'कॅसेट झाल्यावर बघू' म्हणून त्याने ते पुढे ढकललं होतं, आणि त्यापायी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर असलेला त्याचा बाप दोन महिने त्याच्याशी बोलत नव्हता. म्हणजे त्या दिवशी मुंबईच्या त्या स्टुडिओत आमच्यासाठी कॅसेट होती आणि नथूसाठी सगळंच होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

काचेपलीकडे पेंडुरकरांशेजारी आमचा गायक येशा उभा होता, यशवंत फिरके. 'लूप लाइन' हे बँडचं नाव त्याचंच, गाणी त्याची, कॅसेट कंपनीला पटवणाराही तोच. त्याच्यामागे कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. एकोणनव्वद सालची गोष्ट. मराठीत रॉक गाणारा बँड म्हणून कंपनीला आमचं कौतुक होतं, पण ते कौतुक सकाळच्या एका शिफ्टपुरतं होतं.

"ड्रमर, तुम्ही सांगा," पेंडुरकर म्हणाले. "ठेका तुमचा आहे."

मी म्हणालो, "कानात बेस जोरात येतोय, साहेब. तो पुढे जातो, मग मीही ओढला जातो."

झालं. एवढंच वाक्य. किती सरळ आवाजात म्हणालो होतो मी ते! आता तुम्ही विचाराल, तुला काय खरंच तसं वाटत होतं का? देवाशपथ सांगतो, अर्धं वाटत होतं. कडवं संपून ध्रुवपद येतं तिथे मी सगळ्या ड्रमवरून हात फिरवायचो. त्याला रोल म्हणतात, त्यालाच लोक शिट्ट्या मारायचे. त्या रोलमध्ये माझे हात घाईला येतात हे मला शाळेच्या बँडपथकात असल्यापासून माहीत होतं. तिथले सर कान पिळायचे. पण लूप लाइनमध्ये आल्यापासून आठ वर्षांत कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तेव्हा माझी समजूत अशी की खोड गेली. त्या सकाळी ती परत आल्याची शंका मला आली होती.

येशाने माइक ओढला. "नथ्या, काय रे भो हे? आज? आजच पळायचं होतं?"

नथूने हेडफोन गळ्यात उतरवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हेम्या, माझं पळतं?"

मी खाली वाकून पायाच्या ड्रमचा पेडल तपासायला लागलो. त्याला काही झालेलं नव्हतं. "बघ ना जरा," मी म्हणालो.

"बरं," नथू म्हणाला. वाद नाही, भांडण नाही. नुसतं बरं.

पेंडुरकरांनी टेप मागे फिरवली. मग म्हणाले, "ठीक. आधी ड्रम एकटे घेऊ. बेस मागाहून चढवता येईल. बेसवाले, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या, बोलावतो मी."

नथूने बेस रेक्झिनच्या खोळीत घातली. चहा प्यायला जायचं तर गिटार कशाला न्यायची? पण त्याने नेली. तो दारातून जात असताना कंपनीचा माणूस येशाला म्हणत होता, "हल्ली बेस मशीनवर पण होतो हो, कळतसुद्धा नाही." ते नथूने ऐकलं. मग येशा आणि तो माणूस कव्हरच्या फोटोचं बघायला फोटोग्राफरकडे निघून गेले, आणि वर राहिलो मी आणि पेंडुरकर.

एकट्याने चार वेळा वाजवलं. चारही वेळा कडव्यापर्यंत सगळं ठाकठीक. रोल आला की माझे हात सुटायचे, आणि मी ध्रुवपदावर उतरायचो तेव्हा टकटक कुठेतरी मागे पडलेली असायची. आधी निदान थोड्या वेळाने आम्ही पुन्हा टकटकीवर यायचो. आता येतच नव्हतो. मी पुढे आणि ती मागे, गाणं संपेपर्यंत. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

पाचव्यांदा पेंडुरकरांनी सुरू करा म्हटलं नाही. ते स्वतः आत आले. बुशशर्ट, पायात साध्या चपला, साठीला टेकलेला माणूस. नथूच्या स्टुलावर बसले.

"किती वर्षं वाजवताय दोघं?"

"आठ."

"नाव काय त्याचं?"

"नथू."

"तो पळत नाही," पेंडुरकर म्हणाले. आवाज शांत होता, रागावलेला अजिबात नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तू पळतोस. आत्ता सकाळची टेप मी पुन्हा ऐकली, नुसता बेस लावून. रोल सुरू झाला की तुझ्या आधी त्याला कळतं तू किती सुटणार ते. तो आपला सूर तेवढाच आखडता घेतो आणि नेमका तुझ्यासोबत उतरतो. ऐकणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. मग पुढच्या दोन ओळींत तुला गोडीगुलाबीने मागे आणून ठेवतो. त्याला स्वतःला तरी माहीत आहे का तो हे करतो ते, कुणास ठाऊक. पंचवीस वर्षं मी या खुर्चीत बसतोय. असा माणूस दोनदा पाहिला."

मी काठ्या ड्रमवर ठेवल्या.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "क्लिक बंद करतो मी. मला तो नकोच आहे. त्याला वर बोलाव, दोघं जसं गावी वाजवता तसं वाजवा, बाकीची वाद्यं तुमच्यावर बसवायची जबाबदारी माझी. फार छान होईल, बघ. फक्त वाजवायच्या आधी त्याला सांग, पळत तू होतास म्हणून. तो आत्ता गेला ना, तसा चेहरा घेऊन बेस वाजत नाही. आणि पळ लवकर, दोनला शिफ्ट संपते."

तीन मजले होते. तिसऱ्यावरून निघालो तेव्हा सांगणारच होतो मी. खरं सांगतो, दुसऱ्या मजल्यापर्यंत शब्दसुद्धा ठरले होते, 'नथू, चल वर, माझीच चूक होती.' पहिल्या मजल्यावर माझा पाय अडला. येशा परत येणार, तो विचारणार, मघाशी काय बोललास आणि आता काय बोलतोस? कंपनीचा माणूस म्हणणार, ड्रम पण मशीनवर होतात हल्ली. आणि मुंबईत ड्रमवाल्यांना काय तोटा? भुसावळच्या इन्स्टिट्यूटमध्ये गाण्याआधी पोरं माझ्या नावाने ओरडायची. त्या पोरांसमोर मी कोण उरणार होतो?

नथू दाराशी वॉचमनच्या बाकावर बसला होता. चहा घेतलेला दिसत नव्हता. खोळ दोन गुडघ्यांमध्ये उभी धरलेली, आणि उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर चालत होती. तेच गाणं. मला बघून तो उठला.

"झालं तुझं?"

"होतंय," मी म्हणालो.

"बोलावलंय मला?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "अजून वेळ लागेल, नथू. ते... ते मशीनवर करायचं म्हणतायत बेस."

तो पुन्हा बाकावर बसला. रस्त्यावर एक हातगाडीवाला बर्फाच्या लाद्या घेऊन चालला होता, त्या गाडीतून पाणी गळत होतं. नथू गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिला.

"हेम्या, खरं सांग. माझं आधीपासून पळतं? की आजच?"

इथे निदान 'आजच' म्हणायचं होतं मी. तेवढीसुद्धा दया मला सुचली नाही. 'आजच' म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, चल, पुन्हा एकदा बघू, आणि माझ्यामागून जिना चढला असता. म्हणून मी म्हणालो, "आधीपासून."

"मग बोलला नाहीस कधी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

नथूने मान हलवली. माझं उत्तर त्याला पटलं होतं, आणि पटण्यासारखंच होतं, कारण आपल्या माणसाचं वाईट दिसलं तर तो स्वतः असाच गप्प बसला असता. "आठ वर्षं तू सांभाळून घेतलंस म्हणजे," तो म्हणाला. "मला कळलंपण नाही रे."

मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणी कुठली दुभंगायला? वॉचमन तेवढा तंबाखू मळत होता.

"दुपारची गाडी मिळेल तुला अजून," मी म्हणालो.

"हो, निघतो. येशाला सांग, माझा राग नाही म्हणावं. कॅसेट चांगली करा." तो चार पावलं गेला आणि परत आला. खिशातून त्याने कातड्याचा एक पट्टा काढला, वीतभर लांबीचा. "हे राहिलंच द्यायचं. तुझ्या पेडलचा पट्टा झिजलाय, मी परवाच बघितलं. शेडमधल्या जुन्या बेल्टमधून कापलाय, तुटायचा नाही. ऐन गाण्यात तुटला तर पंचाईत होईल."

मी तो घेतला. नथू गेला. गर्दीत त्याच्या डोक्यामागे खोळीचं टोक बराच वेळ दिसत होतं. मी हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.

वर जाऊन मी पेंडुरकरांना सांगितलं, "खाली नाहीये तो. निघून गेला वाटतं."

"एवढ्यात?" ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं. खुर्ची वळवून त्यांनी टेप गुंडाळायला घेतली.

येशा आला तो भडकलाच. "भित्रा साला! ऐन वेळी पळून गेला!" मी पट्टा खिशात सारला. मग मशीन आलं. आधी बेस मशीनवर झाला, आणि तासाभराने माझे ड्रमसुद्धा. पेंडुरकरांनी येशाला काय सांगितलं माहीत नाही, वेळ नाही एवढंच सांगितलं असावं. म्हणजे बघा, ज्यासाठी हे सगळं केलं ते माझं वाजवणंही त्या कॅसेटवर नाही. नाव तेवढं आहे. 'ड्रम्स: हेमंत वारके', आत बारीक अक्षरात छापलंय. नथूचं नाव कुठेच नाही.

कॅसेट खपली नाही. पाचसहा कार्यक्रम मिळाले, जळगावला, नाशिकला. बेसला येशाने नाशिकचा एक मुलगा घेतला, हुशार होता तो, अगदी नोटेशन वाचून वाजवणारा. रोल आला की मी एकीकडे आणि तो दुसरीकडे. नाशिकला पहिल्या रांगेतली माणसं हसली. कार्यक्रमानंतर तो मुलगा येशाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला आणि त्यानंतर येशा माझ्याशी नीट बोलेनासा झाला. वर्षभरात लूप लाइन संपली. मी पार्सल ऑफिसात चिकटलो, लग्न केलं, ड्रम विकले. पट्टा काढून ठेवला होता. का ठेवला ते विचारू नका.

नथू वीजकेंद्रात लागला आणि तिकडच्या वसाहतीत राहायला गेला. बाप बोलायला लागला म्हणे. बाजारात कधी भेटलाच तर "काय हेम्या, बरं ना?" म्हणायचा, हसायचा. मीच काम काढून सटकायचो. इतक्या जवळ राहून बावीस वर्षं मी त्या माणसाला चुकवत होतो.

दोन हजार अकरा साली रेल्वे इन्स्टिट्यूटचा मोठा वर्धापनदिन आला. कमिटीवाले म्हणाले, जुन्या लूप लाइनला दोन गाणी वाजवायला बोलवा. येशा पुण्याहून यायला तयार झाला. नथूला आणायचं काम माझ्यावर आलं. "तुम्ही काय, जिवाभावाचे," सेक्रेटरी म्हणाला.

रविवारी सकाळी अकराला गेलो. आमची चाळिशी केव्हाच उलटली होती. नथूच्या बायकोने, रजनीवहिनींनी, दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"चर्चमधून आले की तासभर वाजवतात," त्या हळूच म्हणाल्या. "रोज संध्याकाळी वेगळं. पण कुणासमोर नाही हो वाजवत. तुम्ही आलात कळलं की थांबतील. जरा ऐका."

मी ओसरीवर उभा राहिलो. आतून ठेका मोजणाऱ्या लंबकाच्या मेट्रोनोमची टकटक येत होती, आणि तिच्यावर बेस. आमचंच गाणं. काय सांगू तुम्हाला! एक सूर इकडे नाही, एक सूर तिकडे नाही. कडवं संपलं, माझ्या रोलची जागा आली. तिथे तो थांबला, मोकळी जागा सोडली त्याने माझ्यासाठी, आणि बरोबर टकटकीवर ध्रुवपदात उतरला. माझे डोळे भरून आले. बावीस वर्षं हा माणूस त्या खोलीत एकटा बसून असा वाजवत होता.

वहिनींनी हाक मारली आणि बेस थांबली.

"हेम्या!" नथू उठून आला. केस पिकले होते, चष्मा लागला होता, हसू तेच. खोलीत खाट, मेट्रोनोम, कोपऱ्यात छोटा अँप्लिफायर. टेबलावर एका जुन्या पातेल्यात उकळलेल्या तारा निथळत होत्या. मी कमिटीचं आमंत्रण सांगितलं. ऐकून घेतलं त्याने.

"नाही जमणार रे. येशाला नमस्कार सांग."

"का नाही? इतकं सुंदर वाजवतोस. मी आत्ता ऐकलं बाहेरून."

"एकट्याने येतं," नथू म्हणाला. त्याने मेट्रोनोमवर हात ठेवला. "त्या वेळी मुंबईहून आलो आणि आधी हे आणलं. म्हटलं, बघू तरी कुठे पळतो ते. रोज बसलो याच्यासमोर. चार वर्षं शोधलं. एकट्याने वाजवलं की पळत नाही, हेम्या. कुठेच नाही. मग चर्चच्या क्वायरबरोबर वाजवून बघितलं. त्यात गेलो पुढे. वीजकेंद्राच्या ऑर्केस्ट्रात बसलो दोन दिवस, तिथेही तेच. तेव्हा कळलं मला. मी माणसांबरोबर पळतो. आतलाच काहीतरी दोष आहे. म्हणून मग माणसांबरोबर वाजवणं सोडलं. येशाचं नुकसान झालं तेवढं पुरे. बस ना, उभा का?"

मी बसलो नाही. मला बसवेना. बावीस वर्षं जे घशात अडकलं होतं ते मी उभ्या उभ्याच ओकलो. सगळं. माझा रोल, माझे हात, पेंडुरकर काय म्हणाले, दोनदा पाहिलेला माणूस, क्लिक बंद करतो म्हणाले ते, जिना, वॉचमनचा बाक. काही ठेवलं नाही. "तू पळत नव्हतास, नथू. मी पळत होतो. तू मला झाकत होतास. तुला वर बोलावलं होतं त्यांनी, आणि मी तुला घरी पाठवलं."

नथू ऐकत होता. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, मायेचं. ते हसू बघून माझ्या अंगावर काटा आला.

"तू पहिल्यापासून असाच," तो म्हणाला. "मला वाईट वाटू नये म्हणून आठ वर्षं बोलला नाहीस. आणि आता म्हातारपणी माझं मन राखायला हे रचून आलास."

"रचून नाही रे! आईची शपथ!"

"आईची शपथ नको घालू. मी वाजवावं म्हणून म्हणतोयस, कळतं मला."

"नथू, खरं आहे हे!"

"मग त्या दिवशी खाली आलास तेव्हा खोटं बोललास? माझ्याशी?" त्याने असं विचारलं की जणू हे होणंच शक्य नाही. "वेडा आहेस."

तेवढ्यात टेबल दिसलं. मी पातेलं बाजूला सरकवलं. "घे बेस. घे म्हणतो ना! मी टेबलावर ठेका धरतो. तो मेट्रोनोम चालू कर. रोलमध्ये मी पळेन, तू फक्त मेट्रोनोम धर, माझ्याकडे लक्ष देऊ नको. बघ तुझं तुला कळतं की नाही."

तो नको नको म्हणत होता. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "वाजवा की हो. इतक्या वर्षांनी आलेत." मग त्याने बेसचा पट्टा खांद्यावर घेतला.

सुरुवात झाली. माझी बोटं टेबलावर, त्याची बेस, मध्ये टकटक. पहिल्या दोन ओळींतच मला ते जुनं सुख परत मिळालं. पाठीला कुणीतरी हात लावून उभं आहे असं ते सुख. इतकं बरं वाटलं की कशासाठी वाजवतोय ते मी क्षणभर विसरलो. कडवं संपलं. रोल आला. माझे हात घाईला आले, आजही आले, मी मुद्दाम काही केलं नाही. आणि मी मनात ओरडत होतो, येऊ नको नथू, माझ्यासोबत येऊ नको, तिथेच थांब.

तो आला. सूर आखडता घेतला आणि नेमका माझ्यासोबत ध्रुवपदावर उतरला. टकटक मागे राहिली. आम्ही दोघं पुढे आणि ती मागे, स्वच्छ ऐकू येत होती.

नथूने तारांवर तळहात ठेवला. बेस थांबली. मेट्रोनोम चालूच होता, तो त्याने बोटाने थांबवला.

"पटलं?" तो म्हणाला. "माणूस आला की पळतो मी."

"तू माझ्यामागे आलास, नथू," मी म्हणालो. "मी गेलो म्हणून तू आलास."

"पुरे आता." त्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. मग बेस भिंतीला टेकवून तो पातेल्यातली एकेक तार फडक्याने पुसायला बसला.

चहा झाला. निघताना मी खिशातून कातड्याचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला, आणि आपणच कापलेला पट्टा त्याने ओळखला नाही.

"हे कसलं रे?" त्याने विचारलं.

"जुन्या ड्रमचं आहे," मी म्हणालो आणि चपला घातल्या. मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा आत पुन्हा टकटक सुरू झाली होती.